पिशवी का फुटली?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी सभासदांपैकी एकीने चार शब्द बोलावेत ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे, आणि ह्या वर्षी ती पाळी माझ्यावर आली. मागच्या खेपेस नरसीच्या नामदेवांविषयी आपण फार सुंदर ऐकले. त्यानंतर मी धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या पिशवीवर बोलणार हे कळल्यावर चिटणीसबाईंना हसू आवरेना. "अहो, एवढ्याशा पिशवीवर अर्धा तास काय बोलणार?" असे त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितले, की पिशवी लहान खरी. पण तिच्यापायी मी एका निरपराध बाईला बोल लावला, ते ओझे काही लहान नाही. ते आज आपल्यापुढे उतरवून ठेवावे, आणि ओघात चार उपयोगाच्या गोष्टीही सांगाव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

आमच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर आला तो मुलाच्या हौसेने. तो पुण्याला असतो. सुट्टीत आला, मला केरसुणी घेऊन कोळिष्टके काढताना पाहिले, आणि पुढच्या खेपेला हे यंत्र घेऊन आला. आपल्या हिंगोलीत धुळीला काय तोटा! उन्हाळ्यात वावटळ सुटते, हळद शिजवून वाळवून ड्रममध्ये घोळसू लागले म्हणजे पिवळी धूळ उडते, सुगीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा दारापर्यंत येतो. त्यामुळे यंत्र मला मनापासून आवडले. त्याच्या पोटात कागदाची एक पिशवी असते. तिला पुठ्ठ्याची चकती, चकतीला भोक, आणि त्या भोकात नळीचे तोंड बसते. पिशवी भरली की फेकायची आणि नवी घालायची, असे पुस्तिकेत लिहिलेले होते. सोबत पाच पिशव्या होत्या.

फेकायची! भगिनींनो, आपण तेलाची पिशवी धुऊन ठेवणाऱ्या, जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या बायका. चांगली धडधाकट पिशवी फेकायला माझा हात होईना. मी तिचा तळ कात्रीने कापला, कचरा उकिरड्यावर झटकला, तळ दुमडून त्याला स्टेपलरच्या पिना मारल्या, आणि पिशवी पुन्हा आत. एकीवर मी अशी सहा-सात महिने काढली. शेजारणींना मोठ्या अभिमानाने सांगितलेही.

मग आला दसरा. आपल्या गावचा दसरा केवढा मोठा, हे मी आपल्याला सांगायला नको. पाहुणे यायचे म्हणून आम्ही पुढच्या खोलीच्या भिंती खरवडून घेतल्या होत्या. पोपडे आणि चुन्याची भुकटी खाली साचली होती. मी स्वयंपाकघरात होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी म्हटले, "मावशी, तेवढे यंत्र फिरवून घ्या." त्यांनी बटन दाबले. पाच-सात मिनिटांनी यंत्राचा आवाज चढला, मग आतून फटकन आवाज झाला आणि मागच्या झरोक्यातून पांढरा लोट उठला. मी धावत गेले तर मावशी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, खोकून खोकून बेजार. आणि मी काय म्हणाले असेन? त्यांना पाणी दिले नाही. म्हणाले, "काय करून ठेवलंत हे? केवढ्याचं यंत्र आहे!"

"बाई, म्या तर निस्तं बटन दाबलं वो," एवढेच त्या बोलल्या. मी आणखीही बोलले. ते इथे सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत.

यंत्र मी साफ करवून घेतले. कंपनीच्या उरलेल्या चार पिशव्या घर बदलताना कुठे गेल्या त्या सापडल्या नाहीत. परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी आपला जिल्हा झाला, तरी असल्या किरकोळ भागांसाठी नांदेडची फेरी अजून चुकत नाही. तिथे एका दुकानात मी "अस्सल पाहिजे" असे बजावून पाकीट घेतले. पाकिटावर नाव छापलेले होते. किंमत थोडी कमी होती, तेव्हा मला आनंदच झाला. पावती मागितली नाही. दिवाळीच्या आवराआवरीत ती पिशवी मी स्वतः घातली, यंत्र स्वतः फिरवले. ह्या वेळी भिंतींची भुकटी नव्हती, साधा घरातला केर होता. तिसऱ्याच दिवशी तीही फुटली. आता बोल कोणाला लावणार? मावशी तर घरात नव्हत्या.

तेव्हा कुठे माझे डोके चालू झाले. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून दोन्ही फुटक्या पिशव्या मी समोर ठेवल्या. नव्या पिशवीचा कडेचा सांधा नुसता डिंकाने चिकटवलेला, तो सबंध उलगडला होता. जुनी कुठे फाटली होती म्हणता? बरोबर माझ्या पिनांच्या रांगेवर. प्रत्येक पिनेपाशी कागदाला एक-एक चीर गेली होती. मावशींचा तिथे काडीइतकाही संबंध नव्हता.

आता पिशवी फुटते कशी ते थोडे समजून घेऊ. आपल्याला वाटते, पिशवी म्हणजे कचऱ्याचा डबा. ते खरे नाही. ती गाळणी आहे. यंत्रातला पंखा पिशवीच्या पलीकडे असतो. तो हवा ओढतो, ती हवा नळीतून पिशवीत शिरते आणि पिशवीच्या बारीक छिद्रांतून पार होते. धूळ तेवढी आत राहते. दूध गाळताना फडक्यावर साय बसली म्हणजे दूध खाली उतरत नाही, हे आपण रोज पाहतो. तसेच इथे होते. जाडा केर, केस, दोरे ह्यांनी छिद्रे बुजत नाहीत. चुन्याची भुकटी, राख, मैदा, हळदीची धूळ ह्यांनी ती पाहता पाहता बुजतात. मग पिशवी अर्धी रिकामी असली तरी हवेला वाट राहत नाही. पंखा मात्र ओढतच असतो. अशा वेळी घरगुती यंत्रातही पिशवीच्या तळहाताएवढ्या भागावर १०-१५ किलो वजन ठेवावे इतका ताण येऊ शकतो. जिथे ती कच्ची असेल तिथे फुटते. आवाज चढणे आणि ओढ कमी होणे ही तिची हाकच असते. ती ऐकून यंत्र बंद केले तर पिशवी वाचते. शिवाय पिशवी फुटली की धूळ थेट मोटरीपर्यंत जाते. मध्ये एक लहानशी गाळणी असते खरी, पण ती सगळा भार पेलत नाही. मग मोटर तापते, आणि थोड्या रुपयांच्या पिशवीपायी हजारोंचे यंत्र जाते.

इंग्लंडातल्या ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने १९०१ साली हे यंत्र बांधले, त्याची गोष्ट ह्याच गाळणीची आहे. त्या काळची यंत्रे धूळ फुंकून उडवीत. बूथला वाटले, फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? त्याने उपाहारगृहातल्या खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, तोंड लावून जोराने श्वास ओढला. ठसका लागून जीव घाबरा झाला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला होता. त्याचे पहिले यंत्र एवढे मोठे होते की ते घोडागाडीवरून न्यावे लागे. रस्त्यात उभे करून त्याच्या लांब नळ्या खिडकीतून घरात सोडीत. आपल्या देशात हे यंत्र घरोघरी परिचयाचे झाले ते १९८२ साली युरेका फोर्ब्ज सुरू झाल्यानंतर, दारी येऊन यंत्र दाखवणाऱ्या तिच्या विक्रेत्यांमुळे. बूथच्या रुमालाचेच काम आजची पिशवी करते. हवा जाऊ द्यायची, धूळ अडवायची. दोन्हींपैकी एक जरी जमले नाही तर ती पिशवी कामाची नाही.

आता मुख्य प्रश्न. पिशवी घ्यावी कोणती? आपण बाजारात दोनच शब्द वापरतो, अस्सल आणि डुप्लिकेट. मला अनुभवाने कळले, की जाती दोन नसून तीन आहेत.

पहिली अस्सल, म्हणजे यंत्र करणाऱ्यानेच दिलेली. पंखा, पिशवी आणि आतली गाळणी एकमेकांच्या मापाने केलेली असतात, म्हणून ती हमखास बसते. यंत्राची हमी चालू असेल तोवर तीच घ्यावी आणि हमीपत्रातल्या अटी वाचून ठेवाव्यात. मात्र अस्सल पिशवी फुटतच नाही असे समजू नये. मी पिना मारल्या ती अस्सलच होती.

दुसरी पर्यायी. ही दुसरा कारखाना करतो, पाकिटावर स्वतःचे नाव घालतो आणि 'अमुक मॉडेलला चालते' असे उघड सांगतो. ह्यात काही खोटे नाही. आपण शिंपिणीकडून झंपर शिवून घेतो तो काय बनावट असतो? माप बरोबर आणि शिवण पक्की असली म्हणजे झाले. यंत्र जुने झाले आणि कंपनीने त्याच्या पिशव्या करणे थांबवले, तर पर्यायीवाचून गत्यंतरही नसते. ह्यांत उत्तम असतात आणि भिकारही असतात, म्हणून पारखून घ्यावे लागते.

तिसरी नकली. ही दुसऱ्याचे नाव चोरून अस्सल म्हणून विकली जाते. मला नांदेडला मिळाली ती ही. जो पाकिटावरच्या नावात खोटे बोलतो, तो सांध्यातल्या डिंकात कशाला खरे बोलेल? स्वस्त पडो की महाग, ही घेऊ नये.

पारख कशी करावी? मी आता करते ते सांगते. जुन्या पिशवीची चकती मी जपून ठेवली आहे. ती बरोबर नेते आणि नवीवर ठेवून पाहते. भोक तेवढेच हवे, पुठ्ठा तेवढाच जाड हवा, खाचा त्याच जागी हव्यात, आणि भोकाभोवतीचे रबरी कडे असावे. चकती सैल असली तर पिशवी न फुटताच धूळ बाजूने निसटते. नंतर सांधे बोटाने हलकेच ताणून पाहते. दुमडून पक्के दाबलेले असतील तर ते हलत नाहीत. मग पिशवी उजेडाकडे धरते. टाचणीएवढा उजेड दिसला तरी ती परत. शेवटी तोंड लावून फुंकते. वारा मुळीच बाहेर येत नसेल तर ती लवकर कोंडणार. भसाभस येत असेल तर धूळही तशीच येणार. कागदापेक्षा न विणलेल्या कापडासारख्या पदराची पिशवी दमटपणा अधिक सोसते आणि सावकाश कोंडते. एकाहून अधिक पदर असतील तर बारीक धूळ चांगली अडते.

पाकीटही वाचावे. बंद पाकिटातल्या मालावर तयार करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापला पाहिजे, असे २०११ चे नियम आहेत. माझ्या नांदेडच्या पाकिटावर मोठे नाव होते, पत्ता नव्हता. मी वाचलेच नव्हते! आणि पावती घ्यावी. २० जुलै २०२० पासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला आहे. अस्सल नसून अस्सल म्हणून विकलेल्या मालाला त्यात नकली म्हटले आहे, आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला तर मार्ग सांगतात. पण पावती नसेल तर आपण बोलणार कशाच्या बळावर?

मधल्या काळात मी आणखी एक उपद्व्याप केला, तोही सांगते. मांजरपाटाची पिशवी घरी शिवली. शिवण इतकी पक्की की फुटायची सोय नाही. फुटली नाहीच. पण यंत्र फिरवून झाल्यावर मागच्या झरोक्यापाशी पांढरा रुमाल धरला तर तो करडा झाला. जाडा केर आत राहत होता आणि बारीक धूळ पुन्हा घरात येत होती. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून बारीक कण नाकातल्या केसांना न जुमानता छातीत उतरतात. डोळ्यांना दिसतो तो केर मी गोळा करीत होते, आणि दिसत नाही तो उधळीत होते. कंपनी धुण्याजोगी कापडी पिशवी देते ती वेगळी. तिचे कापड त्याच कामासाठी केलेले असते. हल्ली बिनपिशवीची यंत्रेही बरीच आली आहेत. त्यांत डबा रिकामा करताना धूळ उडते, तेव्हा तिथेही सावधगिरी हवीच.

ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांनी मनात म्हणू नये, की आम्हाला ह्याचे काय? काही घरघंट्यांना कापडी पिशवी असते. पिठाने तिची छिद्रे बुजली म्हणजे पीठ घरभर उडते. कुकरचे रबर आणि सुरक्षा झडप आपण दारावरच्या माणसाकडून घेतो. तिथे फुटण्याचा अर्थ काय होतो, ते मी सणाच्या दिवशी बोलत नाही.

आता राहिली मावशींची गोष्ट. दिवाळी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. जाताना पाऊल जड झाले होते, कारण चूक पिनांची आणि पिना माझ्या. मी ते तसेच सांगितले, आणि "माझं चुकलं मावशी" असे म्हटले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पिशवी कशानं फुटली ते सांगितलं, बरं झालं. पन बाई, येवढी धूळ माझ्या नाकातोंडात गेली, ते तुम्ही इचारलं न्हवतं."

मला उत्तर देता आले नाही. आजही नाही.

घरी येऊन मी ह्या यंत्राविषयी नातीकडून आणखी थोडे वाचून घेतले, तेव्हा एक गोष्ट कळली ती सांगून संपवते. आज आपण हातात धरून फिरवतो तसले सुटसुटीत यंत्र अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी १९०७ साली जेम्स मरे स्पँग्लर ह्या गृहस्थाने केले. तो कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हता. एका दुकानात झाडलोट करणारा माणूस होता. त्याला दमा होता, आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार होई. त्याने पंख्याची मोटर, एक खोके आणि झाडूचा दांडा जमवला, आणि धूळ साठवायला लावला चक्क उशीचा अभ्रा! १९०८ साली त्याला पेटंट मिळाले, आणि ते हूव्हर नावाच्या गृहस्थाने विकत घेतले, कारण हूव्हरच्या पत्नीने ते यंत्र घरी वापरून पाहिले होते. म्हणजे भगिनींनो, हे यंत्र मुळात झाडणाऱ्याच्या श्वासासाठी निघाले. आणि मी काय केले? धूळ मालकिणीची, काटकसर मालकिणीची, आणि ती गेली झाडणाऱ्या बाईच्या छातीत.

मावशी पुन्हा कामावर आल्या, हा त्यांचा मोठेपणा. आता आमच्याकडे काही नियम आहेत. पिशवी दोन तृतीयांश भरली की बदलायची. भिंतीची भुकटी, राख, पीठ ह्यांना यंत्र लावायचे नाही; ते ओल्या फडक्याने टिपायचे. ओला केर ओढायचा नाही. पिशवी बदलायची ती अंगणात, नाकाला फडके बांधून, आणि ती मी बदलते, मावशी नाही. सध्या आमच्या यंत्रात पर्यायी पिशवी आहे. पत्ता छापलेली, चकती मापाची, पावती डब्यात. झरोक्यापाशी रुमाल धरून पाहिला, पांढरा राहिला.

काटकसर आपण सोडू नये. ती आपल्या आयांनी दिलेली विद्या आहे. पण वाचवलेल्या पैशाचा भार कोणाच्या अंगावर पडतो, एवढे पिशवी घेताना आणि पिन मारताना पाहावे.